रीफ टँकचा केएच रोज घसरतोय? टाकीत काही ओतण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मुलानं मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नव्वद लिटरची रीफ टँक, म्हणजे समुद्राच्या पाण्यात कोरल पाळायची टाकी, चार महिन्यांची. आत झोआ या मऊ कोरलचे दोन-तीन गुच्छ, दोन मशरूम कोरल, दगडावर पसरत चाललेलं ग्रीन स्टार पॉलिप आणि क्लाउनफिशची जोडी. पानावर सकाळ आणि रात्र असे दोन रकाने. केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारतेचं माप, सकाळी ८.६, रात्री ७.२. दुसऱ्या दिवशी ९ आणि ७.६. तिसऱ्या दिवशी ९.४ आणि ८. असे सात दिवस. खाली लाल पेनानं लिहिलेलं, ‘दादा, दिवसभरात कोण खातंय?’

रात्री आकडा खाली दिसला की पठ्ठ्या मोजून थोडं बफर, म्हणजे केएच वाढवणारं रसायन, घालायचा. सकाळी आकडा वर, की खूश. रात्री पुन्हा खाली, पुन्हा बफर.

हीच तक्रार मला वर्षातून आठ-दहा जण तरी सांगतात. केएचच्या जागी कधी नायट्रेट असतं, कधी सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा. आज एक आकडा, उद्या दुसरा, आणि मधे टाकीत काहीच घडलेलं नाही. बहुतेक वेळा गडबड मोजण्यात निघते. त्यामुळे दोष कसा शोधायचा आणि नवख्यानं पाणी तपासायचं कोणतं किट आधी घ्यायचं, या दोन्ही गोष्टी मी एकत्रच सांगतो. चुकीच्या क्रमानं किटं घेतली की ही दुखणी मागे लागतातच.

हा आकडा खरा असू शकतो का?

किट हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. केएच १ डीकेएचनं (हे केएचचं एकक) घसरला, म्हणजे दर लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून बाहेर पडून कुठेतरी घट्ट बसलं. नाशिकच्या टाकीत रोज १.४ ची घट दिसत होती. नव्वद लिटरला तो हिशेब सव्वादोन ग्रॅमच्या आसपास जातो. एका दिवसात सव्वादोन ग्रॅम चुनखडी! आणि बांधणार कोण, तर झोआ आणि मशरूम, ज्यांना चुन्याचा सांगाडाच नसतो.

एवढा चुना खरंच बसला असता तर दिसला असता. हीटरवर पांढरं कवच, पंपाच्या पात्यांवर खरखरीत थर, नाहीतर बफर घातल्याबरोबर दुधाळ झालेलं पाणी. मी विचारलं, यातलं काही आहे का? हीटर स्वच्छ होता.

दिवसात काय बदलू शकतं हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी धावपळ थांबते. पीएच खरंच बदलतो. दिवे लागल्यावर शैवाल आणि कोरल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो, रात्री उतरतो. सकाळी ७.९ आणि संध्याकाळी ८.३ हे निरोगी टाकीतही दिसतं. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत तर आणखी खालीसुद्धा. केएचचं तसं नाही. मऊ कोरलच्या नव्या टाकीत तो आठवडाभरात अर्धा अंश हलला तरी खूप झालं. सॅलिनिटी हलते, पण बाष्पीभवनाच्या हिशेबानं: शंभर लिटरमधून तीन लिटर पाणी उडालं की ३५ चे (हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ) ३६ होतात, कारण मीठ उडत नाही. मे महिन्यात पाणी थंड ठेवायला टाकीवर पंखा लावला असेल तर तीन लिटर जायला वेळ लागत नाही. म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरणं, केल्यावर मोजायचं की आधी, हे एकदा ठरवून टाका आणि ते मोडू नका.

माझी स्वतःची फजिती: रिफ्रॅक्टोमीटर

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपलं सांगून टाकतो. ठाण्यात पहिली टाकी लावली तेव्हा मी सहा महिने मॅग्नेशियमच्या मागे लागलो होतो. मॅग्नेशियम ११७०, कॅल्शियम ३८०, केएच ७.५. तिन्ही कमी. मी तिन्हींच्या बाटल्या आणल्या आणि तिन्ही घालत बसलो. वॉटर चेंज केला की आकडे पुन्हा खाली. सॉल्ट मिक्सला शिव्या घालून झाल्या, ब्रँड बदलून झाला, नव्या मिठातही तेच.

सॅलिनिटी मात्र अगदी चोख ३५. रोज बघायचो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र, आरओच्या पाण्यानं शून्यावर लावलेला, पेटीतल्या कागदावर लिहिलं होतं तसाच.

त्या तीन आकड्यांकडे पुन्हा बघा. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम साधारण १३०० आणि कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास असतं. माझ्या मिठाच्या पिशवीवर केएच ८.४ छापलेला होता. माझे तिन्ही आकडे त्याच्या सुमारे नव्वद टक्के. तिन्ही एकाच प्रमाणात कमी! तीन वेगवेगळी मूलद्रव्यं ठरवून एकाच मापानं कमी होत नाहीत. आमटी पातळ झाली की मीठ, तिखट आणि चिंच सगळंच एकदम कमी लागतं, तशी माझ्या टाकीतली आमटी पातळ होती. मीठ ३५ नव्हतंच, एकतीसच्या आसपास होतं.

रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर बरोबर आणि पस्तिसावर चूक, असं होऊ शकतं. वजनकाटा रिकामा असताना शून्य दाखवतो म्हणून दहा किलोला दहाच दाखवेल याची खात्री नसते. शिवाय बाजारात मिळणारे पुष्कळसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. अशा यंत्रावर ३५ दिसलं की खरं साडेतेहतीसच्या जवळ असतं. त्यात आखणीची चूक भरीला पडली की माझ्यासारखी गत.

इलाज एकच, ज्या आकड्यावर वापरायचं त्याच आकड्याच्या द्रावणानं यंत्र लावायचं. ३५ चं तयार द्रावण छोट्या बाटलीत विकत मिळतं आणि नवख्यानं रिफ्रॅक्टोमीटरबरोबर तेही घ्यावंच. पण ते घरीही करता येतं. वजनानं ३.६५ टक्के साध्या मिठाचं पाणी प्रकाशाला तेवढंच वाकवतं जेवढं ३५ सॅलिनिटीचं समुद्राचं पाणी. म्हणजे ७३ ग्रॅम मीठ आणि १९२७ ग्रॅम आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी, एकूण दोन किलो. एवढं मोठं माप मुद्दाम धरलं, कारण स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली मोजत नाही. पावसाळ्यात मीठ ओलसर असतं, ते आधी तव्यावर कोरडं गरम करून, गार करून मग मोजा. आमच्याकडे हा प्रयोग चालू असताना बायको म्हणाली, ‘एवढं मोजूनमापून एखाद दिवस भाजीतही घालत जा.’

मी माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर त्या पाण्याचे दोन थेंब टाकले. निळी रेषा ३९ वर. सहा महिने मी ३५ बघत होतो तेव्हा खरं किती होतं, याचं उत्तर त्या रेषेत होतं.

स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणली. मग चार आठवडे वॉटर चेंजच्या पाण्यात मीठ थोडं थोडं वाढवत टाकी हळूहळू वर नेली, कारण सॅलिनिटी एका दिवसात चार अंश चढवणं हा कोरलवर वेगळा अत्याचार झाला असता. मॅग्नेशियमच्या बाटल्या अजून कपाटात आहेत.

थेंब टाकल्यावर झाकण लावून अर्धा मिनिट थांबा, पाणी आणि काच एका तापमानाला येऊ द्या. झाकणाखाली बुडबुडा असेल तर पुसून पुन्हा. नंतर काच गोड्या पाण्यानं पुसा, मिठाचा पापुद्रा पुढच्या वेळी खोटं बोलतो. आणि घरी केलेलं हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. पाण्याची वाहकता मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेनाला ते चालत नाही. त्याला ५३ मिलिसीमेन्सचं प्रमाण द्रावण लागतं.

काट्याचं प्लॅस्टिक हायड्रोमीटर घ्यावं का? घेऊ नका. काट्याला चिकटलेला एक बुडबुडा त्याला वर उचलतो आणि तुम्हाला मीठ जास्त वाटतं. आणि आरओवाल्याकडचं दीडवितीचं टीडीएस पेन समुद्राच्या पाण्यात बुडवू नका, त्याची धाव तिथवर नाही. त्याचं काम वेगळं आहे.

टीडीएस पेन कुठे लागतं

घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी टाकीला वापरणारे पुष्कळ आहेत. मीही वापरायचो. आपल्याकडच्या घरगुती आरओत बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो: पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पेन बुडवलं की ५०, ८०, कधी शंभराच्या वर. टाकीला हवं शून्य. महिनोन् महिने रोज दोन लिटर टॉप-अप करत गेलात की नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, जे काही नळात असेल ते साठत जातं आणि तुम्ही किटाला दोष देत बसता.

त्याहून वाईट म्हणजे हल्ली पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारे आरओ आले आहेत. माणसाला ते आवडत असेल. कोळंबी, शंख आणि कोरल यांना तांबं म्हणजे विष आहे. कोळंबी दर पंधरवड्याला मरते, मासे ठणठणीत, सगळ्या टेस्ट ‘नॉर्मल’, असं कुणी सांगितलं की मी आधी घरातल्या आरओवरचं लेबल वाचायला सांगतो. टाकीसाठी वेगळा आरओ आणि त्याच्या शेवटी उरलेसुरले क्षार ओढून घेणारं डीआयचं रेझिन, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यावर टीडीएस पेन. पेन एकावर गेलं की रेझिन बदला.

अलिबागहून ड्रम भरून समुद्राचं पाणी आणायचा मोह कोकणाजवळ राहणाऱ्यांना होतो. पावसाळ्यात खाड्या भरून वाहतात तेव्हा किनाऱ्याच्या पाण्यात मीठ किती उरतं, हे रिफ्रॅक्टोमीटर सांगेल. बाकी काय असतं, ते कोणतंच किट सांगणार नाही.

केएचचं किट: बारावीचं टायट्रेशन

सॅलिनिटीनंतर पैसे घालायचे ते केएचवर. कोरल सांगाडा बांधायला लागले की सर्वांत आधी हाच आकडा हलतो. कॅल्शियमचं किट नवखे उत्साहानं आधी घेतात, पण २.८ डीकेएच वापरला जातो तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएम घटतं. म्हणजे केएच एक अंश घसरला तर कॅल्शियम सात पीपीएम. हातानं करायच्या पुष्कळ किटांत कॅल्शियमचा एक थेंब दहा-वीस पीपीएमचा असतो. आठवड्याची हालचाल त्यात दिसणारच नाही. केएच सांभाळला, सॅलिनिटी बरोबर ठेवली आणि नेमानं पाणी बदललं तर पहिले सहा-आठ महिने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपापलं बघून घेतात.

केएच कितीवर ठेवायचा? समुद्रात तो सातच्या आसपास असतो. टाकीत आठ-नऊ ठेवणारे जास्त. नेमका आकडा कोणता यापेक्षा तो एका जागी राहतो का, हे महत्त्वाचं.

किटांचे तीन प्रकार. पहिला थेंबांचा: पाच मिलिलिटर पाण्यात थेंब मोजत जायचे, निळं पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितके डीकेएच. स्वस्त आणि सोपा, पण आठ आणि नऊच्या मधलं काही सांगत नाही. युक्ती अशी की पाणी दहा मिलिलिटर घ्या आणि थेंबांची संख्या निम्मी करा. आता अर्ध्या अंशापर्यंत कळतं. थेंब पाडताना बाटली सरळ उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो आणि एक थेंब खरंतर सव्वा होतो.

दुसरा सिरिंजचा, सॅलिफर्टसारखा. चार मिलिलिटर पाणी, त्यात रंगाचे थेंब, एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये रिएजंट भरून तो थेंब थेंब सोडायचा. निळसर-हिरवं पाणी गुलाबी-नारिंगी झालं की थांबायचं आणि सिरिंजमध्ये किती उरलं ते तक्त्यात बघायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट धरलेल्यांना हे लगेच जमतं; सरांनी ‘आता एक-एक थेंब’ म्हणून ओरडलेलं आठवत असेल, तोच नियम इथेही. सिरिंजच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी लावली की भरताना आत थोडी हवा दिसते. ती नळीतली हवा आहे, तिनं काही बिघडत नाही, ती काढायला जाऊ नका. बघायचं ते रबराच्या काळ्या दट्ट्याकडे. दट्ट्याला दोन कडा असतात. टोकाकडची कडा धरून भरलंत, तर टोकाकडचीच कडा धरून वाचा.

हे वाक्य लक्षात ठेवा, नाशिकला परत जायचं आहे.

तिसरा प्रकार म्हणजे हॅनाचा चेकर: मुठीत मावणारा फोटोमीटर. काचेच्या कुपीत पाणी, शून्य, रिएजंट, बटण, आकडा. रंग ओळखायची डोकेदुखी नाही. ज्यांना हिरवं आणि निळं यातला फरक नीट कळत नाही त्यांनी सरळ हाच घ्यावा. पण पडद्यावर दशांशापर्यंत आकडा आला म्हणून तो दशांशापर्यंत खरा असतो असं नाही. केएचच्या चेकरवर छापलेली अचूकता अधिक-उणे ०.३ आणि वर वाचनाच्या पाच टक्के आहे. आठच्या आसपास हे सगळं मिळून ०.७ होतं. काल ८.१ आणि आज ८.५ आलं म्हणून बफरची बाटली उघडायचं कारण नाही. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा भरकटतो. मी कुपी जुन्या सुती बनियनच्या तुकड्यानं पुसतो आणि दर वेळी १० ची खूण माझ्याकडे ठेवून आत घालतो.

नायट्रेट, फॉस्फेट: रंग बघायचा उजेड

इथे सर्वांत जास्त आकडे चुकतात, आणि कारणं साधी असतात.

पहिलं, हलवणं. एपीआयच्या नायट्रेट किटात दुसरी बाटली घालण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, थेंब घातल्यावर नळी पूर्ण एक मिनिट, मग पाच मिनिटं थांबायचं. बाटलीच्या तळाशी रिएजंट बसतो. हलवला नाही तर टाकी ‘शून्य नायट्रेट’ दाखवते. महिनाभर शून्य बघून मालक खूश असतो आणि काचेवर हिरवं शैवाल वाढत असतं.

दुसरं, उजेड. टाकीच्या निळ्या दिव्याखाली रंगाचा तक्ता वाचणं म्हणजे जांभळ्या चष्म्यातून कैरी पिकली का बघणं. दुपारी खिडकीपाशी, उन्हात नव्हे, सावलीत वाचा. रात्रीच वेळ मिळत असेल तर एक साधा पांढरा दिवा ठरवून ठेवा आणि रोज त्याच्याखालीच बघा. काही किटांत कमी नायट्रेट असेल तर नळीतून वरून न बघता बाजूनं बघायचं आणि आकड्याला दहानं भागायचं असतं. हे कागदावर बारीक अक्षरात असतं. तो कागद फेकू नका.

तिसरं, नायट्राइट. नायट्रेटची किटं आतल्या आत नायट्रेटचं नायट्राइट करून मोजतात. टाकी अजून सायकल होत असेल, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तिच्यात अजून बसत असतील, आणि पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा फुगून येतो. नव्या टाकीत ८० पीपीएम नायट्रेट बघून घाबरलेल्याला मी आधी नायट्राइट मोजायला सांगतो.

चौथं, एकक. काही किटं नायट्रेट सांगतात, काही नायट्रेटमधलं फक्त नायट्रोजन. दुसऱ्याला ४.४३ नं गुणलं की पहिलं येतं. दोन मित्रांच्या किटांत चौपट फरक आला की भांडण्याआधी डबी उलटी करून वाचा.

फॉस्फेटला रंगाचा तक्ता चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला ०.०३ आणि ०.१ पीपीएम यांतला फरक कळायला हवा. साध्या तक्त्यावर शून्यानंतरची पुढची पट्टीच ०.२५ ची असते. घ्यायचाच तर अल्ट्रा लो रेंजचा चेकर घ्या. फॉस्फरस पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवणारा घेतलात तर आकड्याला ३.०६६ नं गुणून हजारानं भागा. २० दिसलं तर ०.०६ फॉस्फेट. पण टाकीत फक्त झोआ आणि मशरूम असतील तर हा खर्च सहा महिने थांबू शकतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही घासून शून्यावर आणायचा नाद तर करूच नका. अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेटची तपकिरी, बुडबुड्यांची शेवाळी साय धरते आणि ती काढताना शैवाल परवडलं असं वाटतं.

अमोनियाचं किट सायकलच्या महिन्यापुरतं. क्लोरीन मारायची औषधं घातल्यावर काही किटं उगाच अमोनिया दाखवतात, हे ठाऊक असू द्या. किट अर्धं उरेल, ते एखाद्या नव्या भिडूला द्या.

पीएचचं पेन घेतलंत तर पीएच ७ आणि १० च्या प्रमाण द्रावणांनी लावा आणि टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं ठेवा. आरओच्या पाण्यात ठेवलेलं टोक लवकर मरतं. घेतलं नाहीत तरी पहिलं वर्ष काही अडत नाही.

किट स्वतः बिघडलेलं असतं तेव्हा

आपल्याकडे परदेशी किट कुठल्या तरी गोदामातून, मग मे महिन्याच्या उन्हात कुरियरच्या गाडीतून येतं. दुकानात ते कधीपासून आहे, देव जाणे. विकत घेताना मुदतीची तारीख दुकानातच बघा आणि सहा महिन्यांच्या आतली असेल तर ठेवून द्या. घरी आल्यावर बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा. टाकीच्या स्टँडखालचं कपाट किटांसाठी सोयीचं वाटतं, पण तिथे दमट आणि गरम असतं; माझी किटं कपड्यांच्या कपाटात, खालच्या खणात असतात.

किटावर संशय आला तर दोन गोष्टी. तुमच्या सॉल्ट मिक्सचं ताजं पाणी ३५ ला तयार करून, रात्रभर पंपानं ढवळून, त्याचा केएच मोजा आणि पिशवीवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. (पिशवी पावसाळाभर उघडी राहून मिठाचे खडे झाले असतील तर ही तुलना उपयोगाची नाही, ओल लागलेल्या मिठात केएच आधीच घटलेला असू शकतो.) दुसरं, जुनं किट संपायच्या आत नवं आणा आणि एका संध्याकाळी एकाच पेल्यातलं पाणी दोन्हींनी मोजा. फरक आला तर तो किटांचा आहे, हे निदान कळतं. नाहीतर तुम्ही तो फरक टाकीच्या नावावर लावता.

आता खरेदीचा माझा क्रम. रिफ्रॅक्टोमीटर आणि त्याचं ३५ चं द्रावण, टीडीएस पेन, साधा पण बरोबर थर्मामीटर. सायकलसाठी अमोनिया आणि नायट्राइटचं स्वस्त किट. मग केएच, मग नायट्रेट. पुढे कडक, म्हणजे दगडी सांगाड्याचं कोरल आणायचं ठरलं तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेटचा चेकर. सात टेस्टचा चकचकीत मोठा डबा एकदम घेऊ नका, निम्म्या बाटल्या न उघडता मुदत संपते. कडक कोरल म्हटल्यावर एक सांगायला हवं: भारताच्या समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या पाण्यातून एखादा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या दगडी कोरललाही कागदपत्रं लागतात, दुकानदाराकडे ती मागा.

नाशिकची वही

मी त्या मुलाला दोन दिवस बफर बंद करायला सांगितलं आणि वहीचं पान पुन्हा बघितलं. सकाळ-रात्रीतला फरक सातही दिवस बरोबर १.४. एका दशांशाचाही बदल नाही. जिवंत प्राणी इतक्या शिस्तीत काही खात नाही. आणि तो ज्याला घसरण म्हणत होता तो रात्रीचा आकडासुद्धा आठवड्यात ७.२ वरून ९.६ वर चढला होता. सकाळचा ११ झाला होता. खाली जाणं दूरच, त्याच्याच बफरनं टाकी वर चालली होती.

‘सकाळी आणि रात्री तूच मोजतोस ना?’ मी विचारलं.

‘नाही दादा, सकाळी मी क्लासला असतो. बाबा मोजतात.’

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. दोघांना एकाच पेल्यातलं पाणी घेऊन, कॅमेऱ्यासमोर, पाळीपाळीनं मोजायला लावलं. वडील शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, निवृत्त झालेले. त्यांनी सिरिंज भरली, डोळ्यांच्या पातळीला धरली, थेंब थेंब सोडला, रंग पालटला तसे थांबले आणि दट्ट्याची टोकाकडची कडा वाचली. मग मुलानं सगळं तसंच केलं. शेवटी सिरिंज उलटी करून त्यानं वाचली ती दट्ट्याची मागची कडा. दोन कडांमधलं अंतर पाचेक मिलिमीटर. एक मिलिलिटरच्या सिरिंजवर त्याचा हिशेब होतो साधारण ०.०९, आणि तक्त्यावर १.४ डीकेएच.

मी म्हटलं, आता हीच सिरिंज बाबांना दे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बघितली आणि आकडा सांगितला. मुलगा तक्त्याकडे बघत राहिला.

‘म्हणजे अहो, माझंच बरोबर येत होतं की,’ वडील मला म्हणाले. ‘मी ह्याला पहिल्या दिवशी म्हटलं होतं, पुन्हा वाच म्हणून.’

केएच आठ-साडेआठवर उतरायला पुढचे तीन वॉटर चेंज लागले. वहीत आता एकच रकाना आहे, रविवारचा.